पोट लपवायचे की हलवायचे?

आरशासमोर उभे राहिले की बहुतेकांचा पहिला उद्योग ठरलेला असतो. श्वास आत, पोट आत, खांदे मागे. फोटो काढणाऱ्याने 'रेडी?' म्हटले की पुन्हा तेच. साडीच्या निऱ्या खोचताना, जुन्या पँटचे बटण लावताना, लग्नाच्या हॉलमध्ये एखाद्या मावशींनी 'जरा सुटलीस हं' म्हटल्यावर पोट आठवते ते असे, लाज वाटण्याची जागा म्हणून. एरवी ते आठवते फक्त दुखले तर.

बेली डान्सच्या वर्गात पहिल्या दिवशी जे सांगतात, ते ऐकून म्हणूनच अनेक जणी गोंधळतात. गुडघे किंचित सैल ठेवा, छाती उचला आणि पोट सोडा. आत ओढून धरलेल्या पोटाचे स्नायू आधीच आवळलेले असतात. त्यांना ना लाट उठवता येते, ना ठेका धरता येतो. वर्षानुवर्षे आवळून धरलेली गोष्ट सोडायची कशी, हाच या नाचाचा पहिला धडा असतो आणि पुष्कळांना तोच सर्वांत अवघड जातो.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आता असे वर्ग चालतात. जिमचा कंटाळा आलेल्या, बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या स्त्रिया तिथे येतात. व्यायामाची गरज तर उघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. अशा वेळी एखादा व्यायाम लोकांना आवडून करावासा वाटत असेल, तर त्याच्याकडे नीट पाहायला हवे. या नाचाभोवती कुतूहल, संकोच आणि गैरसमज यांचे दाट जाळे आहे. ते सोडवायचे तर आधी त्याच्या घरी जावे लागते.

परक्यांनी ठेवलेले नाव

इजिप्तमध्ये हा नाच 'बेली डान्स' या नावाने जन्मला नाही. रंगमंचावरच्या नाचाला अरबीत 'रक्स शर्की' म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. घरात, गल्लीत, लग्नात नाचतात तो 'रक्स बलदी'. 'बलद' म्हणजे गाव, देश. बलदी म्हणजे आपल्या मातीतला, आपल्या माणसांचा. घरातल्या मुली तो कुठल्या वर्गात जाऊन शिकत नाहीत. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री बायका जमतात, कुणी तालवाद्य घेते, कुणी टाळ्या धरते, आई, आत्या, मावशी कमरेला ओढणी बांधून उठतात आणि लहान मुली त्यांचे पाहून नाचू लागतात. तिथे बघणाऱ्या बायकाच असतात आणि वयाची, बांध्याची अट नसते.

नाचाची घडण या घरगुतीपणातून समजते. मोठ्या उड्या नाहीत, लांब झेप नाही. पाय जवळजवळ जागच्या जागी. हालचाल होते ती धडाची. कंबर, बरगड्यांचा पिंजरा, खांदे, पोट यांतला एकेक भाग उरलेल्या शरीरापासून सुटा करून हलवायचा. कमरेने हवेत आडवा इंग्रजी आठ काढायचा, ठेक्यावर ठुमका द्यायचा, गुडघे भरभर आलटून-पालटून हलवून कमरेला थरथर आणायची. या थरथरीला वर्गांत 'शिमी' म्हणतात. साथीला पेल्याच्या आकाराचे एकमुखी चर्मवाद्य असते. इजिप्तमध्ये त्याला 'तबला'च म्हणतात. आपल्या तबल्याहून वाद्य वेगळे, पण शब्दाचे मूळ एकच, अरबी 'तब्ल'. नर्तकीच्या बोटांत छोट्या झांजा असतात. नाच बहुधा बसवलेला नसतो. वाद्य जे म्हणेल त्याला शरीराने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे असते.

पोटासाठी नाचणाऱ्या व्यावसायिक स्त्रियाही होत्याच. 'गवाझी' रस्त्यांवर, जत्रांत, लोकांच्या अंगणात नाचत. 'आलिमा' म्हणजे जाणकार, शिकलेल्या. त्या मुख्यतः गायिका असत आणि श्रीमंतांच्या जनानखान्यात त्यांची मैफल होई. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या इजिप्तवरील ग्रंथात गवाझींचे वर्णन आहे. त्यांचा वेश बराचसा तिथल्या मध्यमवर्गीय स्त्रियांच्या घरगुती कपड्यांसारखाच होता. ढगळ विजार, लांब अंगरखा आणि कमरेखाली गुंडाळलेली शाल. आज डोळ्यांसमोर येतो तो मण्यांचा, उघड्या पोटाचा पोशाख त्यात नाही.

हा नाच हजारो वर्षांपूर्वीच्या मातृदेवतेच्या पूजेतून आला, तो मुळात बाळंतपणाच्या तयारीचा विधी होता, असे वर्गांत आणि जाहिरातींत हमखास सांगितले जाते. प्राचीन इजिप्तच्या कबरींमधील भित्तिचित्रांत नर्तकी आहेत, हे खरे. पण चित्रातली एक गोठलेली मुद्रा आणि आजचा नाच यांच्यामध्ये अखंड धागा दाखवता येत नाही. खात्रीने हात लागतो तो गेल्या दोन-अडीचशे वर्षांच्या इतिहासाला. आणि तो या दंतकथेपेक्षा अधिक बोलका आहे.

एक बंदी आणि एक जत्रा

१७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य इजिप्तमध्ये उतरले आणि त्यामागोमाग युरोपीय प्रवाशांचा ओघ सुरू झाला. त्यांना जनानखान्यात प्रवेश नव्हता. दिसत त्या गवाझी. पाहुण्यांची गर्दी, पैसा, धर्ममार्तंडांची नाराजी असे सारे साठत गेले आणि १८३४ मध्ये राज्यकर्ता मुहम्मद अली पाशा याने गवाझींना कैरोतून हद्दपार केले. त्या दक्षिणेला इस्ना, किना, अस्वान या गावांत गेल्या. नाच मात्र थांबला नाही. कैरोत पुरुष नर्तकांची चलती वाढली आणि युरोपीय प्रवासी बोटीने दक्षिणेला जाऊ लागले. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर १८५० मध्ये इस्नाला गेला. तिथे त्याला भेटलेली कुचुक हानिम ही नर्तकी त्याच्या लेखनामुळे युरोपभर माहीत झाली. तिने स्वतःबद्दल काय म्हटले असते, हे मात्र कुठेच नोंदलेले नाही. या नाचाच्या लिखित इतिहासाची ही मोठी अडचण आहे. नाचणाऱ्या एकीकडे आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात.

'पोटाचा नाच' हे नाव फ्रेंचांनी दिले आणि इंग्रजीत त्याचे 'बेली डान्स' झाले. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात कैरोची एक खोटी गल्ली उभारली होती. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तसाच 'कैरोचा रस्ता' थाटला गेला. करमणुकीच्या या विभागाची व्यवस्था सोल ब्लूम या तेविशीतल्या तरुणाकडे होती. या प्रदर्शनाला पावणेतीन कोटींच्या आसपास प्रवेश नोंदले गेले. स्त्रियांनी कमरेला घट्ट कॉर्सेट आवळण्याचा तो काळ. श्वास पुरता घेता येऊ नये इतके पोट बांधणाऱ्या समाजापुढे पोट मोकळे ठेवून नाचणाऱ्या स्त्रिया आल्या. गहजब झाला, निषेध झाला आणि तिकिटेही खपली.

लगेच नकला निघाल्या. अमेरिकेतल्या स्वस्त नाट्यगृहांत 'लिटल इजिप्त' नावाने नाचणाऱ्या स्त्रिया एकीहून अधिक होत्या. १८९६ मध्ये एडिसनच्या कंपनीने अशाच नाचाची एक छोटी फिल्म काढली. तिची एक प्रत आजही पाहायला मिळते. तिच्यात नर्तकीच्या छातीवर आणि कमरेवर कुंपणासारखे पांढरे पट्टे ओढलेले आहेत. सिनेमाच्या इतिहासातील सेन्सॉरशिपच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी ते एक. घरात बायकांनी बायकांसमोर केलेला नाच अशा रीतीने तिकीट लावून पाहण्याची आणि मग पट्टे ओढून झाकण्याची वस्तू झाला. लावणीचा आणि लावणी सादर करणाऱ्या स्त्रियांचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट अनोळखी वाटू नये.

कैरोचा रंगमंच

विसाव्या शतकात या नाचाला नवे रूप दिले ते एका स्त्रीने. बदिया मसाब्नी ही लेव्हान्टमधून, म्हणजे आजच्या सीरिया-लेबनॉनच्या प्रदेशातून आलेली अभिनेत्री आणि नर्तकी. १९२६ मध्ये तिने कैरोत स्वतःचे संगीतगृह उघडले. प्रेक्षकांत इजिप्तमधले उच्चभ्रू आणि युरोपीय, दोन्ही. छोट्या जागेत जागच्या जागी होणारा नाच मोठ्या मंचावर मावेना, म्हणून बदियाने त्यात चालणे, वळणे, हातांच्या लांब रेषा आणल्या, मागे समूहनर्तकी उभ्या केल्या. मण्यांची चोळी, कमरपट्टा आणि झुळझुळीत घागरा हा पोशाखही याच काळात रुळला. त्यावर पाश्चात्त्य रंगमंचाने आणि सिनेमाने रंगवलेल्या काल्पनिक 'पूर्वे'चा मोठा प्रभाव होता. पाश्चात्त्यांनी कल्पिलेला पोशाख कैरोने उचलला आणि पुढे जगाने तोच अस्सल मानला.

बदियाच्या मंचावरून पुढे आलेल्या तहिया कारिओका आणि सामिया गमाल इजिप्तच्या चित्रपटांच्या सुवर्णकाळातील मोठ्या तारका झाल्या. तहियाने शंभराहून अधिक चित्रपट केले आणि राजकीय मतांसाठी तुरुंगवासही भोगला. पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९९० मध्ये तिच्यावर गौरवलेख लिहिला. १९५९ मध्ये महमूद रेदा यांनी लोकनृत्यांचे पथक स्थापन केले आणि या हालचालींना प्रतिष्ठित रंगमंचावर स्थान मिळवून दिले.

पण प्रतिष्ठेचा प्रश्न सुटला नाही. इजिप्तमध्ये लग्नाच्या मिरवणुकीपुढे नर्तकी हवी असते. परंपरेत ती डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचे झुंबर तोलून नाचते. मात्र आपल्या मुलीने हा व्यवसाय करावा, असे फार थोड्यांना वाटते. व्यावसायिक नर्तकीला परवाना लागतो, पोशाखावर नियम आहेत. स्थानिक मुली मागे सरल्या तशा रशिया, युरोप, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या नर्तकी कैरोत वाढल्या. २००३ मध्ये सरकारने परदेशी नर्तकींना बंदी केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. २०२० मध्ये समाजमाध्यमांवरील चित्रफितींवरून एका इजिप्शियन नर्तकीला न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. आरोप होता अनैतिकतेला चिथावणी दिल्याचा. जगाच्या एका भागात जो नाच 'मोकळेपणाचा अनुभव' म्हणून फी भरून शिकला जातो, त्याची किंमत त्याच्या माहेरी अशीही मोजावी लागते.

पोटात काय काय असते?

आता शरीराकडे वळू. 'पोटाचे स्नायू' म्हटले की 'सिक्स पॅक' आठवतात. तो समोरचा उभा स्नायू, छातीच्या पिंजऱ्यापासून जांघेच्या हाडापर्यंत गेलेला. त्यात मध्ये मध्ये आडव्या कंडरांच्या पट्ट्या असतात, आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या मज्जातंतूंकडून संदेश मिळतात. त्यामुळे सरावाने त्याचा वरचा भाग आधी आणि खालचा नंतर असा क्रमाने आवळता येतो. पोटावरून वरून खाली जाणारी लाट उठते ती अशी. दोन्ही बाजूंना तिरके स्नायू असतात, ते धड वळवतात आणि कंबर एका बाजूने उचलायला मदत करतात. सर्वांत आत कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू असतो. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, मागे मणक्यांना धरून ठेवणारे छोटे स्नायू. या सगळ्यांचा मिळून एक डबा होतो. कण्याला आधार देणारा हाच तो 'कोअर', ज्याचे नाव प्रत्येक जिममध्ये ऐकू येते.

उठाबशा किंवा प्लँक करताना हे स्नायू एकत्र, जोर लावून काम करतात. बेली डान्समध्ये त्यांना एकेकटे, हलक्या जोराने आणि तालात काम करावे लागते. छाती स्थिर ठेवून कंबर फिरवायची, कंबर स्थिर ठेवून बरगड्या सरकवायच्या. सुरुवातीला मेंदूला हे जमत नाही. कंबर हलवायला जावे तर खांदेही हलतात. रोजच्या सरावाने मेंदू या भागांना वेगवेगळे आदेश द्यायला शिकतो, आणि आपला कोणता भाग कुठे आहे, हे न पाहता कळू लागते.

पोटाच्या स्नायूंवरच्या अशा ताब्याची ओळख महाराष्ट्राला वेगळ्या वाटेने आहे. हठयोगातल्या नौली क्रियेत हाच उभा स्नायू सुटा करून डावी-उजवीकडे फिरवतात. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक वापरून तपासले होते. नौली आणि बेली डान्स यांचे नाते जोडण्याचे कारण नाही. हेतू वेगळे, परंपरा वेगळ्या. पण दोन्हींमागचा स्नायू एक आहे, आणि तो मनाच्या हुकमात आणता येतो, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

व्यायाम म्हणून या नाचाची ताकद किती? शारीरिक हालचालींच्या श्रमाचे मोजमाप 'मेट' या एककात करतात. स्वस्थ बसणे म्हणजे एक मेट. शास्त्रज्ञांच्या प्रमाणित सूचीत बेली डान्ससह अशा सांस्कृतिक नृत्यांना साधारण ४.५ मेट दिले आहेत. भरभर चालण्याच्या जवळपास, म्हणजेच मध्यम श्रमाचा व्यायाम. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर सलग नाच केला तर ढोबळमानाने २७० कॅलरी खर्च होतील. वर्गातला बराच वेळ थांबून शिकण्यात जातो, हे लक्षात घेऊन आकडा कमीच धरावा. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून तीन वर्ग आणि थोडे चालणे यांत ते बसू शकते. उड्या नसल्याने गुडघे-घोट्यांना आपटही कमी बसते. त्यामुळे पन्नाशीनंतरही अनेकांना तो झेपतो.

पाठदुखीचे काय? १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवले की हात उचलण्याच्या क्षणाआधीच निरोगी माणसाचा तो आतला आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळतो. यातूनच 'कोअर' व्यायामांची लाट आली. पुढच्या अभ्यासांत मात्र असे दिसत गेले की जुनाट कंबरदुखीत व्यायामाचा उपयोग होतो, पण एकच विशिष्ट व्यायाम इतरांपेक्षा फार सरस ठरतो असे नाही. नियमितपणे, आवडीने केला जाईल तो व्यायाम चांगला. बेली डान्सची बाजू इथेच बळकट होते. कंटाळून सोडलेल्या उत्तम व्यायामापेक्षा गाणे लावून चालू राहिलेला मध्यम व्यायाम केव्हाही बरा.

बाहेरून पाहणे, आतून जाणणे

या नाचाचे आकर्षण कॅलरींनी पुरते समजत नाही. वर्गात टिकलेल्या स्त्रियांना विचारले तर त्या वजनापेक्षा मनाबद्दल अधिक बोलतात.

१९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक सिद्धान्त मांडला. ज्या समाजात स्त्रीकडे सतत 'पाहिले' जाते, तिथे मुली हळूहळू स्वतःकडेही बघणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतात. आपल्याला कसे वाटते आहे, यापेक्षा आपण कसे दिसतो आहोत, याची चौकशी मनात अखंड चालू राहते. या सवयीचा संबंध शरीराची लाज, खाण्यापिण्याच्या विकृती आणि नैराश्य यांच्याशी जोडला गेला आहे. आरशासमोर आपोआप आत जाणारे पोट हे तिचेच एक छोटे लक्षण.

मग उघडे पोट दाखवत नाचण्याने ही सवय वाढायला हवी की कमी व्हायला हवी? ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या मारिका टिगेमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. ११२ बेली डान्सर आणि १०१ महाविद्यालयीन विद्यार्थिनी यांची तुलना करणारा त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नाचणाऱ्यांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दलची आपुलकी अधिक आणि स्वतःला बाहेरून न्याहाळण्याची सवय कमी आढळली. याचा अर्थ जपून लावला पाहिजे. ही एकाच वेळी केलेली पाहणी आहे. ज्यांना मुळातच शरीराचा संकोच कमी, त्याच या वर्गांकडे वळत असतील, ही शक्यता उरते. तरीही कारण समजण्याजोगे आहे. पोटातून लाट उठवायची तर लक्ष आत न्यावे लागते. कोणता स्नायू आवळला, श्वास कुठे अडला, ठेका कुठे पडला, हे पाहता पाहता 'मी जाड दिसते का' या प्रश्नाला जागा उरत नाही. आणि भरलेल्या कमरेवर शिमी जास्त खुलते, हे वर्गात लवकरच सगळ्यांच्या लक्षात येते.

आजारातून उठणाऱ्यांसाठीही यावर काम झाले आहे. ब्राझीलमधील सांता कातारिना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनांच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांना बेली डान्स शिकवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्राथमिक अभ्यासात थकवा, नैराश्याची लक्षणे आणि जीवनमान यांत सुधारणा दिसली. गट अगदी लहान होता आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छ विभागणी नव्हती, म्हणून तो पुरावा इशाऱ्यापुरता धरायचा. पण शस्त्रक्रियेने, औषधांनी परके झालेले शरीर पुन्हा आपले वाटू लागणे, ही त्या स्त्रियांसाठी लहान गोष्ट नव्हे.

काय होणार नाही आणि काय जपायचे

जाहिराती सांगतात तसे पोट हलवल्याने पोटावरची चरबी वितळत नाही. शरीर चरबी कुठून वापरेल, हे आपण कोणता स्नायू हलवतो यावर ठरत नाही. आहार, झोप आणि एकूण हालचाल यांचा तो हिशेब आहे. पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाचे विकार किंवा वंध्यत्व या नाचाने 'बरे' होते, अशा दाव्यांना आधार नाही. खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. नाच त्याला जोड होऊ शकतो, पर्याय नाही.

दुखापती होतात त्या बहुधा दोन चुकांमुळे. गुडघे ताठ ठेवून शिमी करणे आणि कमरेत जास्त बाक देऊन नाचणे. गुडघे सैल आणि माकडहाड जमिनीकडे, एवढे जपले तरी बराच ताण टळतो. हाडे ठिसूळ झालेली असतील, मणक्याची गादी सरकली असेल किंवा मानेचा त्रास असेल तर मागे झुकणे, केस झटकत मान फिरवणे टाळावे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाले असेल किंवा पोटाचे उभे स्नायू मधोमध विलग झाले असतील तर, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. भरल्या पोटी पोटाच्या लाटांचा सराव नको. आणि पहिल्याच महिन्यात मंचावर उभे करण्याची घाई करणाऱ्या वर्गापेक्षा उभे राहण्याची पद्धत दोन आठवडे घोटून घेणारा वर्ग निवडावा.

परत घराकडे

भारतात हा नाच आला तो बराचसा पडद्यावरून. १९७५ च्या 'शोले'मध्ये हेलन यांनी केलेल्या नाचावर त्याची छाया आहे. पुढे शकीराच्या गाण्यांनी आणि हिंदी सिनेमांनी तो नव्या पिढीच्या मोबाइलवर आणला. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८७ पासून घडत गेलेल्या एका समूहशैलीत नर्तकी भारतीय पद्धतीची चोळी, घेरदार घागरे आणि जड चांदीचे दागिने घालतात.

पडद्यावरून आलेल्या गोष्टीसोबत बघणाऱ्याची नजरही येते. म्हणून घरात अजून प्रश्न विचारला जातो, 'कुठे करणार हा नाच? कुणासमोर?' अनेक जणी वर्गाला जाताना 'फिटनेस क्लास' एवढेच सांगतात. त्यांच्यातल्या बहुतेकींना कुठल्याही मंचावर जायचे नसते. दार लावलेल्या खोलीत आठ-दहा जणी, कमरेला बांधलेल्या ओढण्या, एक ठेका, कुणाचे चुकले की हसणे. कैरोच्या घरातल्या मेंदीच्या रात्रीशी या खोलीचे साम्य आहे. पॅरिस, शिकागो, सिनेमा अशी दीडशे वर्षांची चक्कर मारून नाच पुन्हा तिथेच पोहोचतो, जिथे कुणी बघत आहे की नाही याने फरक पडत नाही.

तासाच्या शेवटी बाई सगळ्यांना आरशाकडे पाठ करून उभे राहायला सांगतात. डोळे मिटा, गुडघे सैल सोडा, श्वास घ्या. पोट पुढे येते. कुणीही ते आत ओढत नाही.